सांडवा मोकळा ठेवा : मातीच्या खासगी धरणात पोहणे, बोट आणि मासेमारी

धरण बांधून झालं, पाणी साठलं, दोन-चार सुट्ट्या काठावर मजेत गेल्या, की आम्हा धरण बांधणाऱ्यांकडे ठरलेला फोन येतो. "पाणी अजून फूटभर वाढवता येईल का? बोट नीट फिरेल. सांडव्यात फळ्या अडकवल्या तर चालतील ना?" सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट. उत्तर सगळ्यांना एकच असल्याने ते छापूनच देत आहोत. चालणार नाहीत. फळ्या नाहीत, वाळूच्या गोण्या नाहीत, विटांचा ओटा नाही, आणि मासे निसटतात म्हणून लावलेली जाळीही नाही.

सांडवा बहुतेक दिवस कोरडा पडलेला दिसतो, म्हणून ती वाया गेलेली जागा वाटते. तसं नाही. समजा, सांडव्याच्या तळापासून भरावाचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाचा, माथा ९० सेंमी उंच आहे. त्यातले वरचे ३० सेंमी लाटांसाठी राखलेले, म्हणजे पुराचं पाणी जायला उरले ६०. त्यात तुम्ही ३० सेंमीची फळी लावलीत, की उरतात ३०. निम्मी उंची गेली म्हणजे निम्मं पाणी जाईल, असा हिशेब बहुतेक जण मनात करतात. पण सांडव्यावरून जाणारं पाणी उंचीच्या दीड घाताने बदलतं. उंची निम्मी झाली की क्षमता उरते साधारण ३५ टक्के. लाटांचा विचारच सोडला आणि पाणी थेट माथ्याला टेकेपर्यंत धरलं, तरी क्षमता ५४ टक्क्यांवर येते. एका फळीने हे होतं. जाळीचं तर याहून वाईट, कारण पहिल्याच लोंढ्याबरोबर पालापाचोळा, काटक्या, शेवाळ येऊन ती गच्च बसते आणि जाळीची भिंत होते.

"पाऊस वाढला की काढून टाकू," असं आम्हाला हमखास सांगितलं जातं. फळी काढायची वेळ येते तेव्हा बहुधा रात्र असते, लाकूड खाचेत फुगलेलं असतं, आणि तीन मीटर लांब, फूटभर उंच फळीवरून फूटभर पाणी वाहत असेल तर तिच्यावर सुमारे ४०० किलोंचा रेटा असतो. ती हाताने उपसली जात नाही. ती उपसायला माणूस वाहत्या सांडव्यात उतरतो, हे आम्हाला जास्त भीतीचं वाटतं.

पाणी माथ्यावरून गेलं तर काय होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दगडी किंवा काँक्रीटची भिंत थोडा वेळ ते सोसते, माती सोसत नाही. पाणी माथ्यावरची सर्वांत सखल जागा शोधतं, खालच्या उतारावर घळ पाडतं आणि ती घळ मागे सरकत सरकत तलावापर्यंत पोहोचते. ही सखल जागा बरेचदा आपणच तयार केलेली असते : माथ्यावरून ट्रॅक्टर किंवा जीप नेऊन पडलेल्या चाकोऱ्या, नाहीतर मासे पकडायला जाता-येता पडलेली पायवाट.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं साउथ फोर्क धरण आम्ही नव्या ग्राहकांना मुद्दाम सांगतो, कारण ते अगदी तुमच्या-आमच्या विषयाचं आहे. मातीचं धरण, सुमारे २२ मीटर उंच, श्रीमंत सभासदांच्या मासेमारी व शिकार क्लबच्या मालकीचं. तलाव निव्वळ मौजेसाठी. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवलेला. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून नेले होते, ते पुन्हा कोणी बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ रोजी मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन गावासह त्या खोऱ्यात २,२०० हून अधिक माणसं गेली. तुमचं धरण एवढं मोठं नाही, मान्य. पण एक हेक्टरवर सरासरी तीन मीटर पाणी म्हणजेसुद्धा तीन कोटी लिटर, अर्थात ३० हजार टन. खाली एखादंच घर असलं तरी ते पुरेसं आहे.

"एवढा रुंद सांडवा कशाला?" हा दरपत्रक पाहिल्यावरचा प्रश्न. आमचे दर सांडव्यामुळेच थोडे जास्त दिसतात, हे आम्हाला माहीत आहे. भराव सगळेच घालतात. सांडवा अरुंद करून दर उतरवणं हा या धंद्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे आणि त्या वाटेला आम्ही जात नाही. पाणी खरोखरच वाढवायचं असेल तर रस्ता आहे. भराव आणि सांडवा दोन्ही एकत्र वर घ्यायचे, उताराचं माप त्याप्रमाणे वाढवायचं, खालच्या बाजूचा पाया तपासायचा. हे काम आम्ही करतो. पण पुष्कळदा त्याची गरजच नसते. बोटीला खोली हवी असेल तर वरच्या टोकाचा गाळ काढून ती मिळते, आणि तो खर्च बराच कमी पडतो. फक्त भरावाच्या पायथ्याजवळ जेसीबी लावू नका. तिथली माती पाणी अडवण्याचं काम करत असते.

बोटीबद्दल. वल्ह्याची किंवा छोट्या शिडाची बोट असेल तर काही म्हणणं नाही. इंजिनाच्या बोटीची लाट मात्र त्याच त्या रेषेवर आदळत राहते आणि पाण्याच्या पातळीला भरावात पायरी कापते. पायरी पडली की वरची माती ढासळते, मग पायरी आणखी आत जाते. इंजिनाची बोट आणायचा विचार असेल तर बांधणीआधीच सांगा, दगडी पिचिंगचा, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचा, पट्टा वर-खाली वाढवून देऊ. धक्का नैसर्गिक काठावर बांधायचा, भरावावर नाही. भरावात खुंटे, छत्रीचे दांडे, कुंपणाचे खांब ठोकू नयेत. सावलीसाठी झाडही नको. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. गवत हवं, तेही आखूड कापलेलं, म्हणजे घुशी-खेकड्यांची बिळं दिसतात.

पोहणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी जोर देऊन सांगतो. पाणी सोडायचा दरवाजा उघडा असताना कोणीही पाण्यात उतरायचं नाही. वरून पाणी निवांत दिसतं, ओढ खाली नळाच्या तोंडाशी असते, आणि तिथे पाय किंवा कपडा ओढला गेला तर पाण्याच्या दाबातून तो सुटत नाही. म्हणून दरवाज्याच्या चाकाला कुलूप लावून किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. दुसरं, भरावाच्या बाजूने पाण्यात उतरू नका. आतला उतार एकास तीन असला तरी सहा-सात पावलांत पाणी गळ्याशी येतं, आणि ओल्या चिकण मातीवरून परत चढता येत नाही. नैसर्गिक काठावर एक जागा ठरवा, तिथे दोर बांधलेली तरंगती रिंग टांगून ठेवा, मुलांना लाइफ जॅकेट घाला. बुडणाऱ्याकडे रिंग फेकायची, आपण उडी मारायची नाही. पाण्यावर हिरवट-निळसर साय आली असेल तर पोहणं बंद, गुरांनाही ते पाणी नको.

पाझराबद्दल लोक एक तर फार घाबरतात, नाहीतर अजिबात घाबरत नाहीत. मातीचं धरण थोडं पाझरतंच. खालच्या पायथ्याला स्वच्छ पाणी येत असेल आणि तलावाची पातळी तीच असताना पाझरही तेवढाच राहत असेल, तर तारीख टाकून नोंद ठेवा, एवढं पुरे. पाणी गढूळ आलं तर मात्र ते आतली माती घेऊन येतंय. काचेच्या बाटलीत भरून तासभर स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसला तर लगेच फोन करा आणि खाली राहणाऱ्यांना कळवा. तोवर त्या भोकात बाहेरून चिकण माती कोंबू नका. पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटतं. आधी स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असा थर द्या, म्हणजे पाणी निघतं आणि माती आत राहते. पातळी उतरवायची तर दिवसाला ३० सेंमीपेक्षा जास्त नको, एरवी भिजलेला आतला उतार घसरतो. पाणी गढूळ येत असेल तर किती वेगाने उतरवायचं ते फोनवरच ठरवू.

पावसाळ्याआधीच्या तपासणीत आम्ही माथ्याची पातळी यंत्राने मोजतो, सखल जागा भरून देतो, दरवाजा फिरवून पाहतो आणि बिळं बुजवतो. बांधणी आमची नसली तरी ही तपासणी करून देतो. हमीची अट एकच : सांडव्यात कायमचा किंवा तात्पुरता अडथळा आढळला तर हमी त्या दिवसापासून लागू राहत नाही. आम्ही आल्यावर घाईघाईने काढलेली फळीही त्यात धरली जाते. खाचेचा ओला, हिरवट कडा लपत नाही.

फोन करण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवल्यात तर आमची फेरी वाचते आणि तुमचे दोन दिवस. सांडव्याचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, सांडव्याच्या तळापासून पाणी किती खाली किंवा वर आहे ते माप, आणि पाझर असेल तर ती बाटली.