नवगावची बेने इस्रायली दफनभूमी

अलिबाग तालुक्यात (जि. रायगड) थळ आणि किहीम यांच्या दरम्यान, समुद्राजवळ असलेली जुनी ज्यू दफनभूमी. मराठी बोलणारे कोकणी ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, हिला आपले मूळस्थान मानतात. परंपरा सांगते, की या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. लाटांनी किनाऱ्याला लावलेली प्रेते इथे पुरली, पुरुषांची एकीकडे, स्त्रियांची दुसरीकडे. त्यांचे उंचवटे आजही दाखवले जातात. समाजाचे इतिहासकार हायेम सॅम्युएल केहीमकर यांनी ही घटना इ.स.पू. 175 च्या सुमाराची मानली. तिला समकालीन लेखी पुरावा नाही. कोकणातल्या ज्यूंचे ठळक उल्लेख 18व्या शतकापासूनचे आहेत. आता तिथे स्मृतिस्तंभ उभा आहे.

मूळच्या कबरींवर नाव नाही, साल नाही. ती उणीव भोवतालच्या गावांनी भरून काढली आहे. किहीमचे केहीमकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, खुद्द नवगावचे नवगावकर. ही सारी बेने इस्रायली आडनावे. वाचलेल्यांचे वंशज कुठे कुठे पांगले, हे त्यांवरून जितके नेमके कळते तितके दंतकथेवरून कळत नाही.

या गावांत त्यांनी तेलाचा घाणा धरला. हिब्रू विसरली, ग्रंथ उरले नाहीत. पण मुलग्यांची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणे, ‘शमा इस्रायल’ ही प्रार्थना आणि शब्बाथ (शनिवारचा विसावा) टिकला. शुक्रवारी सूर्य मावळला की घाण्याचा बैल सोडायचा, तो शनिवारी दिवसभर दावणीलाच. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. एवढ्या जुन्या धर्माची ओळख गावाने कामाच्या सुटीवरून पटवावी, ही शेजारधर्मातली मोठी सुंदर गोष्ट आहे. वेश, भाषा, स्वयंपाक बराचसा सारखाच होता. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांकडे समाजाचे काजीपद, म्हणजे धर्मविधी आणि तंट्यांचे निवाडे, होते.

18व्या शतकापासून कुटुंबे मुंबईला जाऊ लागली. 1796 मध्ये तिथे पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) झाले. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि गावांत मोजकीच ज्यू घरे उरली. नवगावला येणाऱ्यांत आता मुंबई-ठाण्याची आणि इस्रायलमधली माणसे असतात. अलिबागेजवळच्या खंडाळे गावात एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाहूचा) टापा, म्हणजे खूण, म्हणून मानल्या जाणाऱ्या खडकाचेही ती दर्शन घेतात.