दाताला कॅप कधी लागते, कधी नाही: आमच्या पेशंटसाठी थोडी सविस्तर माहिती

रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, रात्री झोप लागायला लागली, की कॅपचं काम मागे पडतं. हे फार होतं. निफाड-दिंडोरीकडचे पेशंट म्हणतात आत्ता द्राक्षं काढणीला आलीयत, माल गेला की येतो, मग खरड छाटणी येते, मग पोरांच्या शाळा सुरू होतात, आणि सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये असणाऱ्यांना तर सुट्टी मिळवणं हेच मोठं काम असतं. अडचण खरी असते, आम्हाला कळतं ते. पण तीच दाढ एके दिवशी फुटाणे खाताना कडकन तुटते आणि मग कधीकधी काढण्याशिवाय इलाज राहत नाही, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं कारण ती वाचली असती. दुखणं थांबवायचं काम रूट कॅनालचं आणि दाढ तुटू न द्यायचं काम कॅपचं. म्हणून हे पत्रक लिहिलंय, घरी निवांत वाचा आणि शंका असेल तिथे खूण करून पुढच्या वेळी विचारा.

कॅप किंवा क्राउन म्हणजे काय, तर दाताचा हिरडीच्या वरचा भाग चारी बाजूंनी आणि वरून साधारण एक ते दीड मिलिमीटर घासून कमी करायचा आणि त्यावर दाताच्याच आकाराचं पक्कं कवच सिमेंटने चिकटवायचं. फिलिंग करतो तेव्हा फक्त खड्डा बुजतो, आजूबाजूच्या भिंती होत्या तेवढ्याच कमजोर राहतात. कॅप त्या भिंतींना बाहेरून धरून ठेवते. आणि हेही स्पष्ट सांगतो, एकदा घासलेला दात परत वाढत नाही. इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा थर, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलं ते गेलं. म्हणूनच कॅपचा निर्णय घाईत घ्यायचा नाही, आम्हीपण घेत नाही.

रूट कॅनालनंतर दाढ का तुटते?

बऱ्याच जणांना वाटतं नस काढली म्हणून दात सुकला आणि ठिसूळ झाला. मुख्य कारण ते नाहीये. 1989 साली छापून आलेल्या एका प्रयोगात उपदाढांवर मोजून बघितलं होतं, तर रूट कॅनालसाठी वरून पाडलेल्या भोकामुळे दाताचा ताठपणा जेमतेम 5 टक्के कमी झाला, पण शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या गेल्या तेव्हा तो 63 टक्के कमी झाला. आता विचार करा, कीड नसेपर्यंत पोचली म्हणजे यातली एखादी कडा तरी बहुतेक वेळा आधीच गेलेली असते. मग चावताना सगळा जोर उरलेल्या टोकांवर येतो, लाकडात पाचर ठोकल्यासारखा, आणि दाढ उभी चिरते. तडा वरच थांबला तर दाढ वाचते, हिरडीखाली मुळात उतरला तर वाचत नाही.

अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनाल झालेल्या दातांची जुनी रेकॉर्ड तपासली होती, त्यात कॅप न बसवलेले दात कॅपवाल्यांपेक्षा सहापट वेगाने गमावले गेले असं दिसलं. याचा अर्थ कॅप नाही बसवली तर तुमची दाढ जाणारच असा नाही, पण धोका किती वाढतो ते यावरून समजतं. शिवाय वरचं तात्पुरतं फिलिंग महिनोन्‌महिने टिकण्यासाठी नसतंच, ते झिजून आत लाळ शिरली की जंतू परत मुळापर्यंत पोचतात आणि केलेलं रूट कॅनाल पुन्हा करावं लागू शकतं. त्यामुळे सूज-दुखणं बसलंय याची खात्री झाली की शक्यतो महिनाभराच्या आत कॅप करून घ्या. सीझनमुळे खरंच जमणार नसेल तर निदान तसं आधी सांगा, आम्ही वरून पक्कं फिलिंग करून देतो आणि चावताना आपटणारी टोकं थोडी कमी करतो, त्याने वेळ मिळतो, पण तो उपाय कायमचा नाही.

रूट कॅनाल नसलं तरी कॅप लागते अशाही वेळा असतात. दाढेचा मोठा तुकडा पडलाय, किंवा खूप जुनं मोठं फिलिंग आहे आणि भिंती कागदासारख्या पातळ राहिल्यात, किंवा रात्री दात खाण्याच्या सवयीने दात झिजून अर्धे झालेत. आणि एक प्रकार लवकर लक्षात येत नाही तो म्हणजे बारीक तडा. खाताना एखाद्याच ठिकाणी दाणा आला की कळ जाते, तीही बऱ्याचदा चावताना नाही तर चावून सोडताना, गार पाणीही लागतं, आणि एक्स-रेत काहीच दिसत नाही. असं होत असेल तर नेमका कुठला घास, कुठली बाजू, ते लक्षात ठेवून या, त्याने आम्हाला दाढ शोधायला खूप मदत होते.

समोरच्या दातांचं वेगळं आहे. पटाशीच्या दाताचं रूट कॅनाल झालं पण बाकी दात शाबूत असेल तर साधं फिलिंग पुरतं, कारण त्यांच्यावर दाढेसारखा जोर येत नाही. रंग काळपट झाला असेल तर आतून ब्लीचिंग करता येतं. प्रत्येक रूट कॅनालला कॅप लागतेच असं कोणी सरसकट सांगितलं तर कारण विचारा, आम्हालाही विचारा.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढा जास्त किडल्या असतील तर आम्ही स्टीलची तयार कॅप बसवतो. आईवडील म्हणतात पडणारच आहे दात, कशाला खर्च. पण मागच्या दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात, त्या आधीच काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. दात पडताना कॅप त्याच्यासोबतच पडते.

कुठे आम्ही नाही म्हणतो

लग्न ठरलंय, दात पिवळे दिसतात, समोरच्या सहाही दातांना पांढऱ्या कॅप करून द्या, अशी मागणी येते. दात चांगले असतील तर आम्ही नाही करत. चांगलं इनॅमल घासून काढायचं आणि मग आयुष्यभर दर काही वर्षांनी कॅप बदलत बसायचं हे पंचविशीतल्या मुलीला किंवा मुलाला करायला सांगणं आम्हाला पटत नाही, आधी क्लीनिंग आणि ब्लीचिंग करून बघू. छोट्या किडीलाही कॅप नको, फिलिंग बास. आणि दात इतका गेलाय की कॅपला धरायला जागाच नाही, तिथेही नाही म्हणावं लागतं. हिरडीच्या वर सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर चांगला दात उरलेला हवा, नाहीतर पोस्ट (मुळात बसवायची आधाराची बारीक दांडी) टाकून महागातली कॅप लावली तरी ती निघून येते किंवा मूळ फुटतं, पैसे वाया.

कुठली कॅप घ्यायची यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. पूर्ण धातूची कॅप दिसायला चांदीसारखी, पण दात कमी घासावा लागतो आणि ती सहसा तुटत नाही, अगदी मागच्या दाढेला जिथे दिसत नाही तिथे अजूनही उत्तम. खोट्या दागिन्यांनी कानाला चट्टे येत असतील तर नक्की सांगा, कारण ती बऱ्याचदा निकेलची ॲलर्जी असते आणि काही स्वस्त धातूच्या कॅपमध्ये निकेल असतं. आतून धातू बाहेरून पोर्सलीन ही दुसरी, डीएमएलएस म्हणतात ती यातलीच, फक्त आतला धातू लेझरने थरावर थर देऊन बनवलेला असल्याने फिटिंग चांगलं बसतं. यात पोर्सलीनचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीपाशी काळसर रेघ दिसू शकते. झिर्कोनिया पांढरी आणि खूप मजबूत, पण तिच्यातही प्रकार आहेत, जितकी जास्त पारदर्शक आणि सुंदर तितकी ताकद थोडी कमी, त्यामुळे दाढेला आम्ही मजबूत प्रकार सुचवतो आणि समोर पारदर्शक. ई-मॅक्स ही काचेसारखी सिरॅमिक, समोरच्या दातांना फार छान दिसते, दात खाणाऱ्यांच्या मागच्या दाढेला आम्ही टाळतो. सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली असं नसतं, कुठल्या दाताला लागणारे त्यावर ठरतं. दरपत्रक रिसेप्शनला आहे, काम सुरू व्हायच्या आधी मागून घ्या.

काम साधारण दोन-तीन सिटिंगमध्ये होतं. पहिल्या दिवशी, दात घासायच्या आधी, उजेडात शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, बघतो, कारण तोंड उघडं राहून दात कोरडा झाला की खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. ब्लीचिंग करायचं असेल तर ते कॅपच्या आधीच करा, कॅपचा रंग नंतर बदलत नाही. मग सुन्न करून दात घासतो, माप घेतो, माप लॅबला जातं आणि कॅप यायला साधारण आठवडा धरा. तोपर्यंत प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप असते. तिच्यावर चिकट काही खाऊ नका, चिक्की तर नकोच, आणि रविवारची मिसळ त्या आठवड्यात जपून, कारण हळदीने तात्पुरती कॅप पिवळी पडते. पक्की सिरॅमिक कॅप तशी पडत नाही. फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा) वापरत असाल तर वर न ओढता बाजूने काढा, नाहीतर तात्पुरती कॅप सोबत निघते.

पक्की बसवली त्या दिवशी निळ्या कागदावर चावायला लावतो तेव्हा खरं सांगा, "चालेल" म्हणून उठू नका. तोंड सुन्न असताना नीट कळतही नाही. घरी गेल्यावर ती दाढ आधी लागतेय असं वाटलं तर दोन दिवसांत परत या, पाच मिनिटांचं काम असतं, पण तसंच ठेवलं तर दाढ दुखायला लागते. नस जिवंत असलेल्या दाताला थोडे आठवडे गार-गरम लागू शकतं, ते हळूहळू कमी व्हायला हवं. वाढत गेलं किंवा रात्री ठणकायला लागलं तर थांबू नका.

कॅप स्वतः किडत नाही, पण तिच्या खालचा दात किडतो, आणि तो किडतो नेमका कॅप जिथे संपते त्या हिरडीलगतच्या कडेला. ब्रश तिथे पोचला पाहिजे, दाढांच्या मधे फ्लॉस किंवा बारीक ब्रश. मिश्री लावणाऱ्या आमच्या मावशी-आज्यांना आमची विनंती आहे की ती आता सोडा, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तिने हिरड्या खाली जातात, दात झिजतो आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो तो वेगळा. सुपारी फोडणं, दातांनी ऊस सोलणं, बर्फ चावणं बंद. रात्री दात खाता असं घरचे म्हणत असतील तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, बनवून घ्या. एवढं सांभाळलं तर कॅप दहा-पंधरा वर्षं आरामात चालते, कित्येकांची त्याहून जास्त.

झिर्कोनियासोबत वॉरंटी कार्ड मिळतं, पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं असं. ते जपून ठेवा पण नीट समजून घ्या, ती वॉरंटी कॅप फुटली तर असते, खालचा दात किडला किंवा हिरडी खराब झाली तर नसते. म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला या.

कॅप निघून आली तर घाबरू नका. फेविक्विकने चिकटवू नका, काही जण करतात, पण ती वाकडी बसते आणि हिरडी भाजते. झोपताना सैल कॅप तोंडात ठेवू नका, श्वासनलिकेत जाऊ शकते. धुऊन डबीत ठेवा, फोन करा, त्या बाजूने चावू नका आणि येताना डबी सोबत आणा. खालचा दात चांगला असेल तर बऱ्याचदा तीच कॅप परत बसते, मात्र दोन-चार दिवसांत या, कारण उशीर केला की शेजारचे दात सरकतात, हिरडी वर येते आणि मग ती कॅप बसत नाही, नवीन करावी लागते.