रेडिओची रेकॉर्ड आणि रेडिओवर गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड

कुडाळच्या बाजारात जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांशेजारी रेकॉर्डी मांडून बसलेल्या एकाने मला हाक मारली. "भाऊनू, ही बघा. अस्सल रेडिओची असा." हातात दिली ती गीतरामायणाची एलपी, म्हणजे लाँग प्लेइंग रेकॉर्ड. रेडिओची कसली, रेडिओवर गाजलेल्या गाण्यांची! पण त्याला हसू नये. हा घोळ आम्ही जमवणारेही करतो, आणि पैसे घालवून शहाणे होतो.

गीतरामायणात तर फरक कानालाच कळतो. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं आणि वर्षभरात ५६ गाणी झाली. तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे कितीतरी गळे त्यात होते. एचएमव्ही कंपनीच्या एलपींवर मात्र सगळी गाणी एकट्या सुधीर फडक्यांची. रेकॉर्ड खरी, गाणं खरं. आजीने रेडिओला कान लावून ऐकलं ते मात्र हे नव्हे.

खरी रेडिओची रेकॉर्ड दुकानात कधी आलीच नाही. तिला ट्रान्स्क्रिप्शन डिस्क म्हणतात. टेप रुळण्याआधी अमेरिकेत एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्राला पाठवायचा तर तो असा तबकडीवर जाई. १६ इंचांची ही परात, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. त्याच काळात दुकानात मिळे ती लाखेची १० इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तीन मिनिटांत संपणारी. घरच्या प्लेअरवर १६ इंची बसतच नाही, सुईचा दांडा आडवा येतो. काही तर आतून बाहेर वाजतात. सुई लेबलापाशी ठेवायची.

फसगत होते ती वेगाच्या आकड्यावर. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या असं दिसलं की आपण एलपीची सुई लावतो. पण बाजारातली बारीक खाचांची एलपी कोलंबियाने १९४८ साली आणली, आणि त्याआधीच्या रेडिओ डिस्कच्या खाचा ७८सारख्याच रुंद. एलपीची सुई त्यात तळाशी खडखडत राहते. गाण्यापेक्षा खरखरच जास्त.

बीबीसीच्या नंतरच्या डिस्क १२ इंची, बारीक खाचांच्या; दिसायला हुबेहूब एलपी. तिथे लेबल वाचायचं: कार्यक्रमाचं नाव, क्रमांक, सोबत निवेदकासाठी छापलेला कागद. प्रसारणाची मुदत संपली की त्या नष्ट करायच्या, असा करार असे. म्हणून उरल्या त्या थोड्या. (नुसता केंद्राच्या लायब्ररीचा शिक्का असला तर ती दुकानातलीच रेकॉर्ड, फक्त नोकरीला रेडिओत होती.)

आमच्याकडे पावसाळ्यात माळ्यावरच्या पाकिटांना बुरशी धरते. ती पुसताना हाच भेद पुन्हा आडवा येतो. व्हिनाइलला, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकला, पाणी मिसळलेलं अल्कोहोल चालतं. लाखेची रेकॉर्ड त्यात विरघळते, आणि रेडिओसाठी जागेवरच कोरलेल्या, अॅल्युमिनियमवर लॅकर चढवलेल्या तबकड्यांचंही तेच. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी आणि मऊ फडकं. मी एक लाखेची घालवली आहे. लेबलाभोवती बोटांचे ठसे अजून दिसतात.

कुडाळची ती एलपी शेवटी घेतली. एलपीच्या भावात.