दृष्टिहीनांसाठी यूडीआयडी, अनुदान आणि नोकरी: अर्ज करण्याआधी हे वाचा

दिव्यांग प्रमाणपत्र हातात पडलं की घरातले आधी टक्केवारी बघतात आणि कागद कपाटात ठेवून देतात. नोकरीचा फॉर्म भरायच्या दिवशी लक्षात येतं की आधारवर नाव एक आहे आणि प्रमाणपत्रावर दुसरंच, किंवा प्रमाणपत्र तात्पुरतं होतं आणि मुदत कधीच संपली. अनुदान असो वा आरक्षण, सगळं याच एका कागदावर उभं असतं. म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी पात्रता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार नजर मोजतात ती दोन्हींतल्या चांगल्या डोळ्याची, आणि तीही योग्य नंबरचा चष्मा लावून. ती ३/६० पेक्षा कमी असेल (३/६० म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ३ मीटरवरून दिसणं), किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ‘अंधत्व’. ६/१८ पासून ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल, तर ‘अल्पदृष्टी’. मात्र आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल, तर ३० टक्केच धरतात. प्रमाणपत्र मिळतं, आरक्षण मिळत नाही.

दृष्टिक्षेत्राचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे खऱ्याखुऱ्या गरजूंचं नुकसान होतं. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आजार) असलेला माणूस तक्त्यावरची अक्षरं बऱ्यापैकी वाचतो, पण त्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. रस्त्यात बाजूने आलेली सायकल दिसत नाही. नुसती अक्षरं वाचायला लावली तर टक्केवारी फारच कमी येते. अशा वेळी रुग्णालयाच्या वैद्यकीय बोर्डापुढे, म्हणजे टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, जाताना अलीकडची फिल्ड टेस्ट म्हणजे पेरिमेट्रीचा अहवाल सोबत न्या, आणि ‘माझं दृष्टिक्षेत्रही तपासा’ असं स्पष्ट म्हणा. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायचा. आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाईल नंबर लागतो. नंबर शक्यतो स्वतःचाच द्या. दुकानदाराचा दिला तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. रुग्णालय निवडून झालं की पोचपावती घ्या, बोर्डाचा वार विचारून घ्या आणि डोळ्यांचे जुने कागद, शस्त्रक्रियेची कार्डं, मूळ ओळखपत्रं घेऊन जा. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. कार्ड ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं आणि ८० व त्यापुढे निळं असतं. ज्याचं कार्ड आहे त्याला हा रंग दिसेलच असं नाही, तेव्हा सोबतच्या माणसाने नाव, जन्मतारीख, प्रकार, टक्केवारी आणि ‘कायमस्वरूपी की तात्पुरतं’ हे मोठ्याने वाचून दाखवावं.

महाराष्ट्रात अनुदानासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि वय ६५ च्या आत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना १,५०० ऐवजी २,५०० रुपये मंजूर आहेत. अर्ज तहसील कार्यालयात: प्रमाणपत्र, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. नोकरी लागून उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं की अनुदान थांबतं. ते स्वतःहून कळवावं.

आता नोकरी. सरकारी भरतीत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी मिळून. जाहिरातीत पदासमोर ‘बी’ म्हणजे अंध आणि ‘एलव्ही’ म्हणजे अल्पदृष्टी. ती अक्षरं नीट वाचून मगच अर्ज करा. केंद्राच्या थेट भरतीत वयात १० वर्षांची सवलत आहे, यूपीएससी (संघ लोकसेवा आयोग) आणि एसएससी (कर्मचारी निवड आयोग, दहावीचं बोर्ड नव्हे) यांच्या परीक्षांना फी नाही. लेखनिक, म्हणजे तुम्ही सांगाल ते उत्तर लिहून देणारा माणूस, हवा असेल तर मूळ फॉर्ममध्येच तसं नमूद करा. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याची पर्यवेक्षकाला आधीच आठवण करून द्या. आणि ‘आंधळ्याला हे काम कसं जमेल’ असं कोणी म्हणालं, तर सांगा: न्यायाधीशपदाच्या निवडीतूनसुद्धा दृष्टिहीनांना वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी बजावलं आहे.

ज्यांची नजर सरकारी नोकरीत असताना गेली, त्यांच्यासाठी एक कळकळीची विनंती: कोणी कितीही समजावलं तरी राजीनामा लिहून देऊ नका. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २० सांगतं की सेवेत दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही की पदावनती करता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यायचं, आणि पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी जादा तयार केलेल्या, पदावर ठेवायचं. तसा लेखी अर्ज प्रमाणपत्राची प्रत जोडून द्या, कलमाचा उल्लेख करा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ती पोच घेऊन पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करा.