सहा-सहा-बारा: सरकारी रुग्णालयांतल्या ड्युटी लिस्टची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत ड्युटी लिस्टवर वाद होतो तो सकाळ-दुपारच्या पाळीपेक्षा नाइटनंतरच्या सुट्टीवरून. सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8, ही घडी जुनी आहे. ती टिकण्यामागे अप-डाऊनचा मोठा हात आहे. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या, की एक बदल रात्री 10-11 च्या सुमारास येतो. भुसावळ, पाचोरा, अमळनेरहून जळगावला येणाऱ्या सिस्टरने त्या वेळी घर कसं गाठायचं? आवारात पुरेसे क्वार्टर नसतील, तर बारा तासांची नाइटच त्यातल्या त्यात सुरक्षित ठरते.

परिचारिकांसाठी 1977 साली झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये सलग 12 तास विश्रांती आणि आठवड्याला सलग 48 तास सुट्टी सांगितली आहे. काहीही झालं तरी 36 तासांच्या खाली जायचं नाही. पुढे ऐंशीच्या दशकाअखेर केंद्राच्या समितीने आठवड्याला 40 तास आणि जादा कामाच्या बदल्यात रजा किंवा पैसे सुचवले.

या आकड्यांना तडा जातो तो नाइट ऑफच्या मोजणीत. सिस्टर रविवारी सकाळी 8 ला नाइट संपवते आणि लिस्टमध्ये रविवारपुढे ‘ऑफ’ लिहिलं जातं. सोमवारी सकाळी 8 ला तिला परत बोलावलं, तर मिळाले 24 तास, त्यातला निम्मा दिवस झोपेत गेलेला. सोमवारी दुपारी 2 ला बोलावलं तर 30. मंगळवारी सकाळी हजर व्हायचं असेल, तरच 48 भरतात. म्हणजे नाइट उतरलेला दिवस साप्ताहिक सुट्टीत धरणं चूक आहे. सुट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायला हवी. शिवाय चार्ज देणं-घेणं तासांत धरलंच जात नाही. इमर्जन्सी ट्रे, कुलपातली औषधं, ऑक्सिजन सिलिंडर मोजून सही होईपर्यंत 8 चे साडेआठ होतात. दुपारपाळी करून दुसऱ्या दिवशी सकाळपाळीला येणारीचे 12 तास तिथेच मोडतात.

इन्चार्ज सिस्टरला दोष देऊन उपयोग नाही, कारण तिच्या हातात माणसंच नसतात. वॉर्डात चोवीस तास एकच सिस्टर ठेवायची म्हटलं, तरी आठवड्याचे 168 तास होतात. चौघींत वाटले तर प्रत्येकीला 42. एक प्रसूती रजेवर गेली, की उरलेल्या तिघींवर 180 दिवस 56-56 तास पडतात. 40 तासांचा आठवडा पाळायचा तर 4.2 जणी लागतात. त्यावर भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषातली 30 टक्के रजाराखीव पदं (रजेवर गेलेल्यांच्या जागी काम करणारी) धरली की जवळपास साडेपाच. 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी 2012 च्या केंद्रीय मानकांत 10 स्टाफ नर्स होत्या. वॉर्ड आणि प्रसूतिगृह ही दोनच ठिकाणं या हिशेबाने चालवायला 11 लागतात. अपघात विभाग आणि शस्त्रक्रियेचा दिवस यात धरलेलेच नाहीत. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर एक पद रिकामं राहिलं, तरी अख्खी लिस्ट नव्याने मांडावी लागते.

2018 मध्ये राज्याने बालसंगोपन रजा दिली. ती हवीच होती, पण रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी कोण, हा प्रश्न वॉर्डावर सोडला. त्याच वर्षी जळगावच्या आणि 2020 मध्ये नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी निकष वर सरकतो: तीन खाटांमागे एक परिचारिका. तो चोवीस तासांचा आहे, एका पाळीला नऊ खाटांमागे एक. बैठकीत हा फरक सांगितला नाही, तर ‘तीनामागे एक’ हा आकडा चैनीचा वाटतो आणि पदांची मागणी तिथेच अडते.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. पावणेदहा ते सव्वासहा, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे आठवड्याला बरोबर 40 तास. अत्यावश्यक सेवा म्हणून रुग्णालयं त्यातून वगळली. वॉर्ड शनिवारी बंद ठेवता येत नाही हे खरं, पण 40 तासांची मर्यादा पाळ्यांतूनही पाळता आली असती. त्यासाठी लागणारी रजाराखीव पदं त्या निर्णयासोबत आली नाहीत.