स्पीडवे : तरुण रायडर, संघनिवड आणि मोबदला

स्पीडवे ही मातीच्या अंडाकृती धावपट्टीवर होणारी मोटारसायकल शर्यत आहे. एका शर्यतीत चार रायडर चार फेऱ्या मारतात, त्याही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. सगळा खेळ साधारण मिनिटभरात आटोपतो. गाडी 500 सीसीची, एका सिलिंडरची, मेथॅनॉलवर चालणारी. तिला गिअर एकच असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीला टेकवत गाडी वळवली जाते. या पायातल्या बुटाला खाली पोलादी तळवा बांधलेला असतो.

1923 साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे झालेल्या शर्यतींपासून या खेळाची सुरुवात धरण्याची प्रथा आहे. 1928 मध्ये लंडनजवळच्या हाय बीच येथील शर्यतीला मोठी गर्दी लोटली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये संघांच्या लीग सुरू झाल्या. पोलंडची लीग 1948 पासूनची. आज सर्वात जास्त पैसा आणि प्रेक्षक पोलंडमध्ये आहेत. त्याखालोखाल स्वीडन, ब्रिटन आणि डेन्मार्क येतात. विश्वविजेतेपद वैयक्तिक असले तरी रायडरचे पोट भरते ते क्लबच्या सामन्यांवर. म्हणून कोणाला संघात घेतले जाते, कोणत्या क्रमांकावर उतरवले जाते आणि कशाचे पैसे मिळतात, या तीन गोष्टी या खेळात एकमेकींत पक्क्या गुंतलेल्या आहेत. तरुण रायडरच्या बाबतीत हा गुंता सर्वात घट्ट असतो.

गुण आणि पैसा

शर्यतीत पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि चौथ्याला शून्य गुण मिळतात. प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर असतात. पोलंड आणि ब्रिटनमध्ये लीग सामना सहसा पंधरा शर्यतींचा असतो, म्हणजे एकूण नव्वद गुण पणाला लागतात.

व्यावसायिक रायडरला बहुतेक ठिकाणी गुणांमागे पैसे मिळतात. पोलंडच्या वरच्या लीगमध्ये, म्हणजे एक्स्त्रालिगात, करारावर सही करतानाच एक ठोक रक्कम मिळते आणि पुढे प्रत्येक गुणाचा दर वेगळा ठरतो. ठोक रकमेचा हेतू हंगामाची तयारी हा आहे: नवी इंजिने, सुटे भाग, व्हॅन, मेकॅनिक. रायडर हा क्लबचा पगारी नोकर नसून बहुधा स्वतंत्र व्यावसायिक असतो. गाड्या त्याच्या, मेकॅनिक त्याचा, इंजिन ट्यून करून घेण्याचा खर्चही त्याचाच. इंजिने मुख्यतः इटलीतल्या जीएम कंपनीची असतात, पण सगळ्यांकडे तेच इंजिन असल्यामुळे खरा फरक ट्यून करणाऱ्याच्या हाताने पडतो. तोरुनचे रिशार्द कोवाल्स्की यांच्यासारख्या ट्यूनरचे इंजिन मिळणे ही तरुण रायडरसाठी मोठी पायरी मानली जाते.

बोनस गुणाची पद्धत बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते, पण ती फार शहाणपणाची आहे. आपल्याच साथीदाराच्या लगेच मागे, पण किमान एका प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहून शर्यत संपवली तर एक बोनस गुण मिळतो. संघाच्या धावफलकात तो धरला जात नाही. रायडरच्या सरासरीत आणि पैशांत मात्र धरला जातो. पैसे निव्वळ गुणांचेच असते, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या रायडरने स्वतःच्या साथीदाराला गाठण्यासाठी जीव धोक्यात घातला असता आणि मागचा प्रतिस्पर्धी आत घुसला असता. बोनसमुळे तो निवांतपणे साथीदाराचे रक्षण करतो. अशी 5-1 ची शर्यत जिंकली की क्लब गुण कमावतो पाच, पण पैसे मोजतो सहा गुणांचे. त्यामुळे घरच्या मैदानावर दणदणीत विजय मिळाला की प्रेक्षक नाचतात आणि खजिनदार हिशेबाच्या वहीकडे बघत बसतो.

या पद्धतीची दुसरी बाजू कठोर आहे. सुरुवातीच्या फितीला गाडीचा स्पर्श झाला तर रायडर त्या शर्यतीतून बाद होऊ शकतो आणि त्याचबरोबर त्या शर्यतीची कमाईही जाते. इंजिन मध्येच बंद पडले तरी तेच. पावसाने सामना रद्द झाला तर प्रवास झाला, कमाई शून्य. दुखापत झाली तर गुण नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत, पण व्हॅनचे हप्ते थांबत नाहीत. नामवंत रायडर ठोक रकमेच्या बळावर हे झेलतो. अठरा वर्षांच्या मुलामागे मात्र बहुतेक वेळा त्याचे आईवडील आणि गावातला एखादा प्रायोजक उभा असतो.

सरासरीचे गणित : ब्रिटन

ब्रिटिश लीगमध्ये संघनिवड सरासरीच्या आकड्यावर चालते. रायडरचे सर्व गुण आणि बोनस गुण मिळवून त्यांना चारने गुणायचे व एकूण शर्यतींनी भागायचे. समजा 80 शर्यतींत 130 गुण व 14 बोनस मिळाले, तर सरासरी 7.20 येते. प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्याची सरासरी 12 होईल. हंगामाआधी एक कमाल मर्यादा जाहीर होते आणि सातही रायडरांच्या सरासरींची बेरीज तिच्याखाली बसवावी लागते. आयपीएलमध्ये संघाच्या थैलीला रुपयांची मर्यादा असते, तशी इथे कर्तबगारीच्याच आकड्याला असते. श्रीमंत क्लबने सगळे तारे एकत्र करू नयेत हा उद्देश आहे, आणि तो बऱ्यापैकी साधतोही. स्वीडननेही संघाच्या सरासरीवर असे बंधन ठेवले आहे. पोलंडमध्येही काही हंगाम ही पद्धत होती. पुढे ती काढून टाकण्यात आली.

पण या हिशेबात एक विचित्र गोष्ट घडते. मागच्या वर्षी उत्तम खेळलेला रायडर पुढच्या वर्षी संघात बसवणे कठीण होते, कारण त्याचा आकडा वाढलेला असतो. विजेत्या संघाला तर स्वतःचाच संघ मोडावा लागतो. उलट, दुखापतीमुळे किंवा खराब हंगामामुळे सरासरी घसरलेला, पण मुळात चांगला असलेला रायडर सर्वांना हवा असतो. संघ बांधणारे प्रवर्तक हिवाळाभर असेच आकडे शोधत असतात. तरुण रायडर या बाजारात मौल्यवान ठरतो तो याच कारणाने. त्याची सरासरी अजून त्याच्या प्रगतीमागे रेंगाळत असते. तीन गुणांच्या सरासरीने संघात आलेला मुलगा पाचच्या लायकीने धावला, तर क्लबला दोन गुण फुकट मिळाले. वर्ष संपताना मात्र तोच मुलगा महाग झालेला असतो. त्याने केलेल्या सुधारणेचे बक्षीस म्हणून त्याला दुसरा क्लब शोधावा लागू शकतो. हा या पद्धतीचा सर्वात मोठा दोष आहे. मर्यादा किती असावी यावर दर हिवाळ्यात वाद होतो. हा दोष मात्र मर्यादा कमी-जास्त करून जात नाही.

सातांपैकी सर्वात कमी सरासरीचे दोघे राखीव क्रमांकांवर, म्हणजे 6 व 7 वर उतरतात. ‘राखीव’ म्हणजे बाकावर बसलेला असा अर्थ इथे नाही. सामन्याची दुसरी शर्यत मुळी राखिवांचीच असते. शिवाय अडचणीत त्यांना इतरांच्या जागी उतरवता येते, त्यामुळे फॉर्मात असलेला राखीव एका सामन्यात सात शर्यतींपर्यंत धावू शकतो. साहजिकच काही वेळा राखिवाची त्या रात्रीची कमाई पहिल्या क्रमांकाच्या रायडरपेक्षा जास्त होते. हंगाम चालू असताना सरासरी नव्याने मोजल्या जातात आणि राखिवाचा आकडा वर गेला की त्याला मुख्य पाचांत जावे लागते. तिथे शर्यती कमी आणि प्रतिस्पर्धी कठीण. बढती मिळाली आणि कमाई घटली, असा अनुभव अनेक तरुणांना येतो.

ब्रिटनने घरच्या मुलांसाठी वेळोवेळी जागा राखल्या आहेत. 2014 मध्ये एलिट लीगने, म्हणजे तेव्हाच्या वरच्या लीगने, राखीव क्रमांकांवर तरुण ब्रिटिश रायडर उतरवणे बंधनकारक केले आणि त्यांची वाटणी ड्राफ्ट पद्धतीने, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने निवड करून केली. 2021 मध्ये तिच्या जागी आलेल्या प्रीमियरशिपने ‘रायझिंग स्टार’ नावाने पुन्हा अशीच जागा निर्माण केली. याखेरीज तिसऱ्या पातळीची लीग मुख्यतः शिकाऊ रायडरांसाठी आहे. तिथे मिळणाऱ्या पैशांत टायर आणि इंधन निघाले तरी पुष्कळ. पण वाट तिथूनच जाते: डॅन ब्यूली हा बेल व्ह्यू क्लबच्या ‘कोल्ट्स’ या शिकाऊ संघातून वर आला, 2021 मध्ये रॉबर्ट लॅम्बर्टबरोबर त्याने ब्रिटनला स्पीडवे ऑफ नेशन्स ही देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा जिंकून दिली आणि 2022 मध्ये कार्डिफची ग्रां प्री, म्हणजे वैयक्तिक विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली एक फेरी, जिंकली.

ब्रिटनमध्ये रायडर एखाद्या क्लबची ‘मालमत्ता’ असण्याची जुनी रीतही आहे. मूळ क्लब त्याला दुसऱ्या क्लबाकडे हंगामापुरता उसना देतो आणि त्याबद्दल शुल्क घेतो. एकच रायडर दोन पातळ्यांच्या दोन लीगमध्ये धावतो, हेही सर्रास चालते. तरुणाला त्याचा फायदा म्हणजे जास्त शर्यती. तोटा असा की आठवड्यात चार संध्याकाळी सामना, मधले दिवस मोटरवेवर, आणि रात्री गाड्या धुऊन पुन्हा जोडायच्या.

ज्युनिअरची सक्ती : पोलंड

पोलंडने वेगळा मार्ग धरला. एक्स्त्रालिगाच्या प्रत्येक संघात 21 वर्षांपर्यंतचे दोन ज्युनिअर असावेच लागतात. पाहुण्या संघाला 1 ते 8 आणि यजमानांना 9 ते 16 क्रमांक दिलेले असतात; त्यांपैकी 6 व 7 आणि 14 व 15 हे ज्युनिअरांचे. सामन्याची दुसरी शर्यत चारही ज्युनिअरांची असते. या जागा बराच काळ पोलिश मुलांपुरत्या राखलेल्या होत्या. लीगमध्ये उतरण्यासाठी वयाची सोळा वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि त्याआधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात नियमांची लेखी चाचणी असते आणि गाडी चालवूनही दाखवावी लागते. क्लबांच्या स्वतःच्या शाळा असतात. तिथे मुले कमी ताकदीच्या गाड्यांवरून सुरुवात करतात आणि त्यांना पहिली साधने क्लबच पुरवतो. घरच्या मुलाला गुणामागे मिळणारा दर बाहेरून आणलेल्या सीनिअरच्या मानाने फारच कमी असतो.

यातून एक साधे गणित निघते. दोन्ही संघांचे सीनिअर तोडीस तोड असतील, तर सामना ज्युनिअर जिंकून देतात. लेश्नोच्या उनिया क्लबने 2017 ते 2020 अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, त्यांत घरच्याच शाळेत घडलेल्या बार्तोश स्मेक्तावा आणि दोमिनिक कुबेरा या दोघांचा वाटा मोठा होता. ज्युनिअर वय संपल्यावर कुबेरा 2021 पासून लुब्लिनकडे गेला. 2022, 2023 आणि 2024 ची विजेतेपदे लुब्लिनने घेतली, हा योगायोग नव्हे. बिदगोश्चमध्ये घडलेला विक्तोर प्शियेम्स्कीही 2024 मध्ये लुब्लिनच्या ज्युनिअर जागेवर आला आणि त्याच वर्षी 21 वर्षांखालील विश्वविजेता झाला. चांगला ज्युनिअर आज सरासरी सीनिअरपेक्षा अधिक हवासा असतो, कारण सीनिअर परदेशातूनही आणता येतो, ज्युनिअर मात्र कुठेतरी घडवावाच लागतो. ते न करणाऱ्या क्लबाला तो पैसे देऊन दुसऱ्याकडून न्यावा लागतो.

बार्तोश झ्मार्झलिक हे या पद्धतीचे सर्वात मोठे फळ. गोझुफच्या स्ताल क्लबने त्याला ज्युनिअर म्हणून वाढवले. 2012 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, घरच्या मैदानावरच्या ग्रां प्रीत त्याला खास प्रवेश मिळाला आणि तो थेट तिसरा आला. 2015 मध्ये तो 21 वर्षांखालील विश्वविजेता झाला. 2019 पासून 2025 पर्यंत सहा विश्वविजेतेपदे मिळवून त्याने इव्हान मॉगर आणि टोनी रिकार्डसन यांची बरोबरी केली. 2023 मध्ये तोही लुब्लिनला गेला.

पण झ्मार्झलिक अपवाद आहे. एकविसाव्या वर्षाचा हंगाम संपला की संरक्षण एका रात्रीत जाते. कालपर्यंत जो समवयस्कांशी झुंजत होता आणि ज्याला संघात घेणे नियमाने भाग होते, त्याला आता तीस-पस्तीस वर्षांच्या मुरलेल्या परदेशी रायडरांशी त्याच जागेसाठी स्पर्धा करावी लागते. ज्युनिअर म्हणून सामन्यामागे सहा-सात गुण काढणारी कितीतरी मुले सीनिअर होताच खालच्या लीगमध्ये जातात. काही खेळच सोडतात. यावर तोडगा म्हणून 2021 पासून एक्स्त्रालिगाने 24 वर्षांपर्यंतच्या एका रायडरला संघात जागा देण्याची सक्ती केली, आणि 2022 पासून याच वयोगटासाठी ‘एक्स्त्रालिगा यू-24’ ही स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. मात्र ही जागा परदेशी तरुणांनाही खुली आहे. त्यामुळे तिचा लाभ पोलिश मुलांइतकाच, किंबहुना जास्त, ऑस्ट्रेलियन, डॅनिश आणि ब्रिटिश मुलांना झाला. संरक्षण तुटण्याचा कडा तीन वर्षे पुढे सरकला, एवढेच.

लीगची ओढाताण

पोलंडचा पैसा शेजाऱ्यांनाही ओढतो. परदेशी रायडर पूर्वी रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन आणि मधल्या दिवसांत ब्रिटन वा डेन्मार्क असे फिरत. पोलिश लीगने आपल्या रायडरांच्या अन्य लीगवर मर्यादा घातली तेव्हा त्याचा फटका ब्रिटनला बसला, कारण निवड करायची वेळ आली की सर्वात कमी पैसे देणारी लीग आधी गळते. ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्री, स्विंडन, पीटरबरो, वुल्व्हरहॅम्प्टन यांसारखे जुने क्लब गेल्या दशकभरात मैदानाविना बंद पडले. क्लब कमी झाले की राखीव क्रमांकाच्या जागा कमी होतात, आणि त्या जागाच तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे दार असते. म्हणूनच होतकरू ब्रिटिश रायडर आता विशीच्या आतच पोलिश क्लबशी करार शोधतो. तिथली भाषा, तिथला वकील आणि तिथलाच ट्यूनर, हे सगळे त्याला पहिला मोठा धनादेश हाती येण्याआधी जमवावे लागते.