बॅबेज, चार्ल्स

बॅबेज, चार्ल्स : (२६ डिसेंबर १७९१–१८ ऑक्टोबर १८७१). इंग्रज गणितज्ञ व यांत्रिक संगणनाचे आद्य अभिकल्पक. जन्म लंडनमध्ये. काही जुन्या ग्रंथांत जन्मवर्ष १७९२ व जन्मस्थान डेव्हन परगणा असे आढळते. घराणे मूळचे तिथले असल्याने हा घोटाळा झाला असावा. तथापि लंडनमधील नेविंग्टनच्या चर्चच्या नोंदवहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख ६ जानेवारी १७९२ असल्याने १७९१ हेच वर्ष ग्राह्य मानतात. शिक्षण केंब्रिज येथे. तेथील गणिताचे ल्युकेशियन प्राध्यापकपद त्यांच्याकडे १८२८–३९ या काळात होते, पण त्यांनी तेथे एकही व्याख्यान दिले नाही.

कोष्टके यंत्राने काढण्याची कल्पना त्यांना केव्हा सुचली, याविषयी खुद्द त्यांच्याच हकिकती जुळत नाहीत. १८६४ च्या आत्मचरित्रात ते १८१२ किंवा १८१३ मधील एक संध्याकाळ सांगतात : लॉगरिथमचे कोष्टक समोर उघडे, डोळ्यांवर झापड, आणि ‘कसली स्वप्ने पाहतोस?’ या मित्राच्या प्रश्नाला ‘ही सगळी कोष्टके यंत्राने काढता येतील’ हे उत्तर. दुसऱ्या हकिकतीनुसार १८२१ च्या सुमारास खगोलज्ञ जॉन हर्शेल यांच्याबरोबर खगोलीय कोष्टके ताडून पाहताना चुकांचा ढीग निघाला, तेव्हा ‘ही आकडेमोड वाफेने झाली असती तर!’ असे उद्गार त्यांनी वैतागून काढले. प्रत्यक्ष काम लगेच पुढे सुरू झालेले दिसत असल्याने दुसरी हकिकत अधिक विश्वसनीय वाटते. पहिली वृद्धपणीची आठवण आहे.

फरक यंत्राचे (डिफरन्स एंजिन) तत्त्व सोपे आहे. क² + क + ४१ या पदावलीत क = ०, १, २, ३ घेतल्यास ४१, ४३, ४७, ५३ या किमती मिळतात. लगतच्या किमतींतील फरक २, ४, ६ आणि त्या फरकांतील फरक कायम २. म्हणजे गुणाकार न करता नुसत्या बेरजांनी कोष्टक हवे तितके पुढे नेता येते, आणि बेरीज दातेरी चाकांना जमते. १८२३ पासून सरकारने यासाठी एकूण सुमारे १७,००० पौंड खर्च केले. कारागीर जोझेफ क्लेमंट यांच्याशी पैशांवरून बिनसल्याने १८३३ मध्ये काम थांबले. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे हत्यारे क्लेमंट यांच्याकडेच राहिली. १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले.

दरम्यान १८३४ पासून त्यांनी विश्लेषक यंत्राची (ॲनॅलिटिकल एंजिन) मांडणी सुरू केली होती. त्यात संख्या साठवणारे ‘कोठार’ व आकडेमोड करणारी ‘गिरणी’ वेगळी होती. आज्ञा झाकार (जॅकार्ड) या नक्षीदार कापड विणणाऱ्या मागाप्रमाणे छिद्रित पत्त्यांवरून द्यायच्या होत्या. गणिताच्या अभ्यासक एडा लव्हलेस यांच्या या यंत्रावरील १८४३ च्या टिपांतील बर्नुली संख्या (गणितातील एक संख्यामालिका) काढण्याची रीत मुळात कोणाची, यावर वाद आहे. बीजगणित आपण करून दिले आणि त्यातली एक मोठी चूक एडांनी पकडली, असे बॅबेज लिहितात. श्रेय दोघांत वाटणेच योग्य दिसते.

मोजण्याचा त्यांचा सोस यंत्रांपुरता नव्हता. १८५७ मध्ये त्यांनी फुटलेल्या ४६४ तावदानांच्या कारणांचे कोष्टक छापले. त्यांपैकी १४ दारुड्या पुरुष, बायका वा मुलांनी फोडली होती. ‘क्षणोक्षणी एक मरतो, क्षणोक्षणी एक जन्मतो’ या आशयाच्या टेनिसनच्या ओळींवर त्यांनी कवीला कळवले, की मग लोकसंख्या वाढायचीच नाही. जन्माचा आकडा १ पूर्णांक १/१६ करावा. रस्त्यावरच्या वादकांशी तर त्यांचे हाडवैर होते. त्यांच्या खटपटीने अशा वादनाला आळा घालणाऱ्या १८६४ च्या कायद्याला बळ मिळाले, पण चिडलेले शेजारी मुद्दाम वाद्ये वाजवीत. एकदा एक बँड जवळजवळ अखंड पाच तास वाजत राहिल्याचे त्यांनीच नोंदवले आहे.

त्यांचे निधन लंडन येथे झाले. पुत्र हेन्री (कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील सैन्यातील अधिकारी) यांनी पुढे विश्लेषक यंत्राच्या गिरणीचा काही भाग बनविला. १८४७–४९ मधील दुसऱ्या फरक यंत्राच्या आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्यूझीयमने १९९१ मध्ये त्याचा गणनविभाग उभारला, तो बिनचूक चालला. छपाईचा भाग २००२ मध्ये पूर्ण झाला.